धामणी जलाशय

पालघर जिल्ह्याच्या विक्रमगड तालुक्यात, वैतरणेची उपनदी असलेल्या सूर्येवर बांधलेल्या धरणाचा जलाशय. उपयुक्त साठा सुमारे 276 दशलक्ष घनमीटर. धरणाखाली कवडास येथे उन्नैयी बंधारा. वसई-विरारचे पिण्याचे पाणी मुख्यतः सूर्येचेच आहे. पेल्हार, उसगाव आणि पापडखिंड ही जवळची धरणे मिळून त्याच्या मानाने फारच थोडे पाणी देतात. म्हणून या पाण्याखाली गेलेले आदिवासी पाडे वसई-विरारच्या इतिहासातही नोंदले गेले पाहिजेत. बुडालेले गाव म्हटले की उजनी धरणाच्या पाण्याखालचे पळसदेव आठवते. इंदापूरच्या त्या अवर्षणग्रस्त मुलखात पाणी फार ओसरले की पळसनाथाचे दगडी देऊळ उघडे पडते, लोक बघायला जातात आणि गावाचे नाव पुन्हा तोंडी येते. धामणीच्या पाड्यांच्या वाट्याला हे भाग्य नाही. या भागातली जुनी घरे कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली; पाण्यात ती टिकत नाहीत. मग तिथे गाव म्हणण्याजोगे काही नव्हतेच, असे कोणी म्हणेल. पण पाड्यालाही शीव असते, गावदेव असतो, भाताची खाचरे असतात. दगड टिकतो आणि कूड कुजतो, एवढ्यावरून वस्तीचा दर्जा ठरवणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धरण बांधले ते शेतीसाठी, 14,696 हेक्टर भिजवण्याच्या उद्दिष्टाने; शहराने कोणाला उठवायला सांगितले नव्हते. हे खरेच. मात्र पुढे पाण्याची वाट बदलली. सूर्या प्रादेशिक योजनेच्या दररोजच्या 403 दशलक्ष लिटरपैकी 185 वसई-विरारला आणि 218 मिरा-भाईंदरला ठरले. सिंचनाचे पाणी कमी होईल म्हणून लाभक्षेत्रातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी याला विरोध केला, आणि तो रास्त होता: ज्या कारणासाठी जमिनी घेतल्या, त्याच कारणाचे पाणी तोडले जात होते. तहान शेतीच्या आधी, हा शहराचा दावा नाकारता येत नाही; 2011 च्या जनगणनेतच वसई-विरारची वस्ती 12 लाखांवर होती. तरी त्या दाव्याने पाणी मिळते, तेव्हा पाण्यामागचे विस्थापनही शहराच्या खात्यावर येते. शहराच्या वर्णनात किल्ला, चर्च, केळीच्या वाड्या येतात. त्यांच्याच शेजारी, भूसंपादनाच्या कागदांतून काढून, या पाड्यांची नावे यायला हवीत. वसई-विरारच्या वाढत्या गरजेसाठी विक्रमगड तालुक्यातच देहरजी नदीवर आणखी एक धरण हाती घेतले आहे. तिथल्या बुडीत क्षेत्राची अशी नोंद घरे उठण्याआधीच करता येईल.