मार्कर ठरवताना रक्त कुणाचं मोजलं होतं?

समजा, रावेरकडच्या केळीच्या मळ्यात कामाला जाणारी चाळिशीतली एक बाई आहे. अंगाने बारीकच. कंबर 84 सेंटिमीटर, रक्तदाब 134/86, एचडीएल 44. साखर आणि ट्रायग्लिसराइड मर्यादेत. तिला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे का?

2001 च्या अमेरिकन निकषांनुसार नाही. तिथे पाचपैकी तीन गोष्टी बिघडलेल्या लागतात आणि बायकांच्या कमरेची मर्यादा होती 88. 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई बायकांसाठी ती 80 केली, त्यानुसार मात्र आहे. बाई तीच, रक्त तेच. बदलली ती मर्यादा. सिनॉप्सिस लिहिताना आपण निकषांचा तक्ता उतरवून घेतो, पण तो कुठून आला हे बघत नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

1947 मध्ये मार्सेचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी सांगितलं की चरबी किती आहे याइतकंच ती कुठे साठली आहे हेही महत्त्वाचं. मांड्या-नितंबांवरच्या चरबीपेक्षा पोटाकडची चरबी मधुमेहाकडे जास्त नेते. 1988 मध्ये गेराल्ड रीव्हन यांनी 'सिंड्रोम एक्स' मांडला. त्याच्या मुळाशी होता इन्सुलिनला शरीराने दाद न देणं. गंमत म्हणजे त्यांच्या यादीत लठ्ठपणा नव्हताच!

आता प्रथिनांकडे येऊ. सीआरपी सापडलं 1930 मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत, आणि तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. हे प्रथिन यकृत तयार करतं. संसर्ग झाला की ते झपाट्याने वाढतं. पुढे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या चाचण्या आल्या, तेव्हा कळलं की चरबीच्या पेशींतून येणाऱ्या संदेशांमुळेही ते थोडं थोडं चढलेलं राहतं. 2003 मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी 14,719 अमेरिकन बायकांचा आठ वर्षांचा अभ्यास छापला. सिंड्रोमचं एकही लक्षण नसलेल्या बायकांत सीआरपीचा मध्यक लिटरला 0.68 मिलिग्रॅम होता, पाचही लक्षणं असलेल्यांत 5.75. एवढा स्वच्छ चढता आलेख क्वचित दिसतो, आणि तिथूनच सीआरपी सगळ्यांच्या प्रपोजलमध्ये शिरलं.

पण त्या बायका कोण होत्या? 45 च्या पुढच्या, आरोग्य क्षेत्रात नोकरी करणाऱ्या, बहुसंख्य गोऱ्या. आपला नमुना तसा आहे का?

हाच प्रश्न आपल्याकडे पुण्यात विचारला गेला होता. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने पुण्याच्या आणि लंडनच्या गोऱ्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. लेख आला 2002 मध्ये. पुण्याची बाळं वजनाने बरीच हलकी, तरी त्यांचं लेप्टिन लंडनच्या बाळांइतकंच, आणि इन्सुलिन उलट जास्त. लेप्टिन हे चरबीच्या पेशींनी सोडलेलं प्रथिन, म्हणजे काट्यावर न दिसलेली चरबी रक्ताने दाखवली. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1!

जळगाव-धुळ्यात बसून या विषयावर काम करायचं असेल, तर यातून काय घ्यायचं?

पहिलं, तुलनेचा गट इथलाच घ्या, त्याच तालुक्यातला, त्याच वयाचा. परदेशी कट-ऑफवर विसंबू नका. दुसरं, सीआरपी 10 च्या वर आलं तर आधी ताप, दात, जखम विचारा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्या. हार्मोनच्या गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून प्रश्नावलीत तो रकाना हवाच. तिसरं, मार्कर म्हणजे कारण नव्हे. सीआरपी जन्मतःच जास्त ठेवणारे जनुकीय फरक असलेल्या लोकांत हृदयरोग त्या प्रमाणात वाढलेला दिसला नाही. धूर दिसला म्हणून धुरानेच आग लावली असं होत नाही. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो.

आणि निकषांचा तक्ता टाकताना त्याच्याखाली एक ओळ लिहा, हेच निकष का घेतले याची. रावेरच्या त्या बाईला 'काही नाही, घरी जा' म्हणायचं की नाही, हे त्या ओळीवर ठरतं.