ठाण्याची पायरी

न्यायाचा आरंभ न्यायमंदिरांत होतो, अशी आपली समजूत. वस्तुतः तो पोलिस-ठाण्याच्या पायरीवर होतो. १९७२ च्या मार्चमध्यें, तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज ठाण्यांत जबाबासाठीं आलेल्या आदिवासी मुलीनें तेथील शिपायानेंच आपणांवर बलात्कार केल्याची तक्रार केली. उच्च न्यायालयानें शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ मध्यें ती रद्द केली. अंगावर जखमा नाहींत, सबब प्रतिकार नाहीं, असा तो तर्क! १९७९ मध्यें चार विधिपंडितांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें आणि लोकक्षोभ उसळला. १९८३ च्या कायद्यानें ठरविलें, कीं पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीशीं संबंध सिद्ध झाल्यावर ‘माझी संमति नव्हती’ हा तिचा शब्द न्यायालयानें गृहीत धरावा. पीडितेचें नांव छापणें हाही गुन्हा ठरला. २०१३ पासून अशी फिर्याद न नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यास किमान ६ महिने सक्तमजुरी आहे, आणि जबाब स्त्री-अधिकाऱ्यानेंच घ्यावयाचा आहे. २०२४ मध्यें अमलांत आलेल्या संहितेप्रमाणें फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देतां येते. त्या मुलीस मात्र यांतलें कांहींच लाभलें नाहीं. तिचें नांवही खटल्यास कायमचें चिकटलें. तिच्यामागून ती पायरी चढणारी स्त्री याचक नव्हे, हक्काची धनीण आहे, एवढें तरी आपण विसरूं नये.