शिलालेखाची वाङ्मयाबाहेरची जागा

भिवंडी तालुक्यातील लोनाड हे गाव बहुतेकांना लेण्यांमुळे ठाऊक असते. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी दुसऱ्या अपरादित्याचा शके 1106 चा (इ. स. 1184) शिलालेखही याच गावचा. त्याच राजाच्या परळ येथील शके 1108 च्या लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे. मात्र दान मोडणाऱ्यास शाप देण्याची वेळ येताच लेख मराठीवर उतरतो. राजाची प्रशस्ती कोणाला कळली नाही तरी चालण्यासारखे होते, शाप मात्र कळायलाच हवा होता. तोही असा, की वर्गात उच्चारताना शिक्षकाने आजही अडखळावे. गद्धेगळावरील स्त्री आणि गाढवाचे शिल्प तोच शाप निरक्षरालाही समजावते.

मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके 1110 चा मानला जातो (या काळाविषयी मतभेद आहेत). म्हणजे दोहोंतील अंतर अवघे दोन वर्षांचे. तरीही ‘विवेकसिंधु’ वाङ्मयेतिहासात आणि परळचा लेख भाषेच्या इतिहासात, ही वाटणी आपण बिनतक्रार स्वीकारली आहे. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (1963) आपण उघडतो तोही बहुधा जुनी भाषिक रूपे शोधण्यासाठी. ‘वाङ्मय’ म्हणजे वाणीने घडलेले सर्व काही, इतका ऐसपैस शब्द हाताशी असताना!

ही कुंपणे यापूर्वीही हलली आहेत. ‘लीळाचरित्र’ हा महानुभावांचा स्मरणग्रंथ शतकानुशतके पंथापुरता राहिला. पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. विसाव्या शतकात तो छापला गेला आणि मराठीचा आद्य गद्यग्रंथ ठरला. 1878 मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहास-संग्रहा’ने बखरी छापल्या त्या मुख्यतः इतिहासाची साधने म्हणून; आज आपण त्यांच्या गद्यशैलीवर प्रश्न काढतो. ग्रंथ तेच, वाचणारे बदलले.

बदल दर वेळी इतक्या शांतपणे झालेला नाही. 1885 मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी न्या. रानडे यांना पत्र लिहून नाकारले. वरच्या वर्गाच्या सभांचा आणि पुस्तकांचा शूद्रातिशूद्रांच्या जगण्याशी मेळ बसत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले, तेव्हा हे वाङ्मय की सामाजिक दस्तऐवज, ही चर्चा झालीच. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली मुले समोर बसलेली असताना हा इतिहास केवळ टिपणांपुरता उरत नाही.

सर्वच लेखन वाङ्मय मानले तर त्या शब्दाला अर्थ काय उरेल, हा आक्षेप रास्त आहे. परळच्या लेखातील दानाचा तपशील मीही वाङ्मय म्हणून शिकवणार नाही. शापाचे मात्र तसे नाही. ऐकणाऱ्याच्या मनात भय उभे राहावे म्हणून तेथे भाषा बदलली आहे, प्रतिमा निवडली आहे आणि वाक्य आखूड ठेवले आहे. तेवढा भाग मी ‘विवेकसिंधु’च्या शेजारी ठेवून वाचायला देतो.