कावेरीकाठचे पथ्य

कुंभकोणम् म्हटले की महामहमाचे तळे, गगनाला भिडणारी गोपुरे आणि विड्याचे पान डोळ्यांपुढे येते. परंतु या नगरीचा मराठी माणसाशी असलेला संबंध केवळ यात्रेचा नाही. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले. १७९९ साली मुलकी सत्ता कंपनीकडे गेली, तरी राजपद १८५५ पर्यंत टिकले. या काळात अनेक मराठी घराणी कावेरीकाठी स्थिरावली. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणम् येथेच जन्मले. घराण्यांबरोबर चुली आल्या आणि चुलींबरोबर आहाराचा विचारही आला.

व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास असलेल्या रघुनाथपंडित नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. त्यात धान्ये, भाज्या, दूध, तूप यांचे गुणदोष सांगितले आहेत, आणि जिलबीची कृतीही आहे! ग्रंथकार रसनेचा वैरी नव्हता. काय खावे याबरोबरच ते शरीरात जाऊन काय करते, हा त्याचा प्रश्न होता.

दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांनी याच विचाराला प्रयोगाची जोड दिली. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी नांदत होते. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात बांधून घेतले गेले आणि नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे ठेवली गेली. योगायोग असा की, याच राजवटीत, १८१५ च्या सुमारास, फ्रान्समध्ये शेव्हरल या रसायनज्ञाने पित्ताश्मरीतील एका मेदसदृश द्रव्यास नाव दिले. तेच आजचे कोलेस्टेरॉल. १९१३ साली रशियात आनिच्कोव्ह यांनी ते सशांना खाऊ घालून रोहिण्यांच्या भिंतींवर त्याचे थर दाखविले.

हे द्रव्य मुळात शत्रू नव्हे. यकृत ते स्वतःच निर्माण करते आणि त्यापासून पित्त बनविते. डाळी, ओट, भाज्या व फळे यांतील विद्राव्य तंतू आतड्यातील पित्ताम्ले अडकवून बाहेर नेतात. मग नवे पित्त बनविण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. उलट तूप, लोणी व खोबरेल यांतील संपृक्त मेदाने ते रक्तात वाढते.

या दृष्टीने कुंभकोणमचे पान पाहण्याजोगे आहे. आपल्या पिठल्याची आठवण करून देणारे, तूरडाळ आणि कारले घालून केलेले ‘पिटलै’ त्यावर असते. सांबार तर तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यातच जन्मले, अशी आख्यायिका आहे. परंतु त्याच पानावर पांढऱ्या भाताची रास, तुपाची धार आणि नारळही असतो. भातखाचरात दिवसभर राबणाऱ्यास जे पचे, ते खुर्चीवर दिवस घालविणाऱ्यास कसे पचावे? म्हणून डाळ-भाजी वाढवावी, तूप-खोबरे बेताचे घ्यावे, रोज अर्धा तास तरी झपझप चालावे आणि तंबाखू वर्ज्य करावी. कुंभकोणमच्या विड्यातही ती नको.

तथापि पथ्याचीही मर्यादा आहे. कित्येक घराण्यांत हा दोष रक्तानेच येतो. तेथे केवळ आहारावर विसंबणे घातक ठरते. रक्ततपासणी करावी, वैद्याने दिलेले औषध आपल्या मनाने सोडू नये. सरफोजीराजांच्या महालाचा धडाही हाच : परंपरा जपावी, पण पारखून जपावी. पथ्य आणि औषध एकाच घरात नांदू शकतात, हे कावेरीकाठाने दोनशे वर्षांपूर्वीच दाखविले आहे.