दफ्तर देशांतराला निघते तेव्हा

राज्यावर संकट आले म्हणजे खजिन्याबरोबर दफ्तरही हलवावे लागते. खजिना पुन्हा भरता येतो; दफ्तर गेले की गेले. इनाम कमिशनपुढे सनद दाखविता न आल्यामुळे ज्यांची इनामे बुडाली, त्या घराण्यांच्या वंशजांना हे निराळे सांगावयास नको. २०२२ साली युक्रेन देशावर हाच प्रसंग आला. त्याचे दफ्तर मात्र कागदांत नव्हे, संगणकांत होते.

सरकारी नोंदी क्लाउडमध्ये ठेवण्यास त्या देशाच्या कायद्याची मनाई होती. क्लाउड हे नाव मेघाचे. पण आकाशात काहीच नसते. दूरवरच्या प्रचंड संगणकगृहांत भाड्याने घेतलेली ती जागा असते. राष्ट्राचे दफ्तर परक्या कंपनीच्या घरी का ठेवावे, हा विचार शांततेच्या काळात शहाणपणाचाच होता. त्यामुळे सारे सर्व्हर देशातच, सरकारी इमारतींत होते आणि क्षेपणास्त्रांच्या टप्प्यातही होते. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी संसदेने कायदा बदलला. २४ तारखेस रशियाचे आक्रमण झाले.

त्याच दिवशी लंडनमध्ये युक्रेनचे राजदूत वादिम प्रिस्तायको आणि ॲमेझॉन कंपनीचे लियम मॅक्सवेल यांनी कागद-पेन घेऊन यादी केली : आधी काय वाचवावयाचे? लोकसंख्येची नोंद, जमिनीच्या मालकीची नोंद, करभरणा, शिक्षणाची दफ्तरे. या यादीत जमीन आली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. घर बेचिराख झाले, कुटुंब परागंदा झाले, तरी ती भूमी आपली होती हे उद्या दाखवावयास नोंदीवाचून दुसरे काय उरते?

तारांवरून एवढा मजकूर पाठविण्यास फार वेळ लागला असता, आणि त्या तारा शाबूत राहतील याचीही शाश्वती नव्हती. म्हणून प्रवासी बॅगेएवढ्या भक्कम पेट्या विमानाने डब्लिनहून पोलंडमधील क्राकोवला व तेथून युक्रेनमध्ये नेण्यात आल्या. पेटीतील मजकूर सांकेतिक रूपात असतो. ती शत्रूच्या हाती पडली तरी किल्लीवाचून व्यर्थ. प्रिव्हातबँक या मोठ्या बँकेने ३,५०० सर्व्हरांवरील सुमारे ४० लक्ष गिगाबाइट मजकूर ४५ दिवसांच्या आत बाहेर हलविला. घाई अनाठायी नव्हती : युद्धाच्या आरंभीच एका सरकारी संगणकगृहावर क्षेपणास्त्र आदळले होते.

तथापि दूर नेलेले सारेच निर्धास्त होते असे नाही. क्षेपणास्त्राला अंतर लागते. चोरवाटेने आत शिरणाऱ्याला ते लागत नाही. १९ डिसेंबर २०२४ रोजी न्यायखात्याच्या नोंदवह्यांवर संगणकमार्गे मोठा हल्ला झाला आणि मालमत्तेचे व्यवहार खोळंबले. त्या वह्या पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. तोवर जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नोंद कारकुनांनी पुन्हा कागदावर केली.