डेट्रॉइटची काटकसर

१९९४ साली डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूडने ‘मिनिमल नेशन’ ही रेकॉर्ड काढली, तेव्हा रेव्ह पार्ट्यांमधलं टेक्नो संगीत वेगाच्या आणि गोंगाटाच्या मागे लागलं होतं. हूडने जवळजवळ सगळं काढून टाकलं. उरले किक ड्रम, हाय-हॅट आणि सिंथचे मोजके सूर. हे धाडस मला फार मोठं वाटतं. हेडफोन लावला की मला एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरताना ऐकू येतो. सिंथचा पोत तेवढा किंचित बदलतो, आणि कान त्या फरकावर खिळतो.

हूडचा जुना साथीदार, डीजे जेफ मिल्स, तीन टर्नटेबलांवर अशा रेकॉर्डी मिसळायचा. टोकियोच्या लिक्विड रूम क्लबमधला त्याचा १९९५ चा सेट ऐकाच! एकेक रेकॉर्ड जेमतेम मिनिट-दोन मिनिटं टिकते, तरी ठेका मोडत नाही, कारण प्रत्येकीत जागा मोकळी आहे. भरगच्च गाणी अशी एकावर एक चढवली, तर नुसता कालवा होईल.