नीतिकथा व संस्कारशिक्षण

नीतिकथा व संस्कारशिक्षण : सत्य, दया, धैर्य, मैत्री इ. सद्‌गुणांचा मुलांच्या मनावर संस्कार व्हावा, या हेतूने सांगितल्या जाणाऱ्या कथांना सामान्यतः नीतिकथा म्हणतात. भारतीय परंपरेत ‘नीती’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : एक राजनीती वा व्यवहारचातुर्य आणि दुसरा सदाचार. जुन्या कथासंग्रहांत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आढळतात. पंचतंत्रातील विष्णुशर्मा अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करतो, ते मुख्यतः पहिल्या अर्थाने. त्याच्या पहिल्या तंत्रात कपटी कोल्हा दमनक यशस्वी होतो व निरपराध बैल प्राणास मुकतो. अशा कथांतून सद्‌गुण शिकवावयाचे, तर निवड व फेरफार ओघानेच येतात. नीतिकथांचा इतिहास हा बराचसा या फेरफारांचाच इतिहास होय.

सहाव्या शतकात इराणचा राजा खुस्रौ अनुशिरवान याच्या आज्ञेने बुर्झोय या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. तेथून सिरियाक व आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याच्या कलीला व दिम्ना या अरबी ग्रंथाच्या रूपाने ते पश्चिमेकडे पसरले. अरबी पाठात दिम्नाच्या (म्हणजे दमनकाच्या) चौकशीचे एक नवे प्रकरण असून त्याच्या अखेरीस त्याला देहान्ताची शिक्षा होते. मूळ संस्कृत कथेत ही शिक्षा नाही. परधर्मीय वाचकासाठी कथा सांगताना न्यायाची ही उणीव अनुवादकाला खटकली, हे लक्षणीय आहे. उलट दिशेनेही देवघेव झाली. सिंहाचे कातडे पांघरणाऱ्या गाढवाची कथा इसापच्या नावावर प्रसिद्ध असली, तरी जातककथांतही ती आढळते. तिचे मूळ कोणते, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

मराठीत बोधकथेला शास्त्राचे स्थान मिळाले ते महानुभाव पंथात. चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने. वाटेत ऋद्धिपुरास त्यांना गोविंदप्रभूंचे दर्शन झाले. निरूपणात ते शेतकरी, भिकारी, चोर, पशुपक्षी यांचे दाखले देत. तेराव्या शतकाच्या अखेरीस केशिराजबास यांनी हे दाखले दृष्टांतपाठात संकलित केले. या ग्रंथात ११४ दृष्टांत असून त्यांची मांडणी तीन पायऱ्यांची आहे : आधी चक्रधरांचे सूत्र, मग दृष्टांत व शेवटी त्याचा अर्थ उलगडणारे दार्ष्टान्तिक. हे लेखन संस्कृतात न करता मराठीत करावे, असा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित राहू नयेत, हे त्यामागील कारण परंपरेने सांगितले जाते. घरोघरी मुलांना कथा सांगण्याचे काम अशाच वृद्ध स्त्रिया करीत आल्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे शैक्षणिक महत्त्व कळते.

दृष्टांतपाठातील आंधळे व हत्ती यांचा दृष्टांत विशेष अभ्यसनीय आहे. पाली उदान ग्रंथात तो श्रावस्तीच्या राजाची कथा म्हणून येतो व आपापल्या मताला चिकटून भांडणाऱ्या पंथीयांना लावला जातो. जैन विचारवंत तो अनेकान्तवादाच्या समर्थनार्थ देतात. बाराव्या शतकातील सूफी कवी सनाई याने तो फार्सीत आणला. चक्रधरांचा समकालीन जलालुद्दीन रूमी याने आंधळ्यांऐवजी अंधाऱ्या घराची योजना केली. पाहणाऱ्यांना डोळे आहेत, दिवा तेवढा नाही. महानुभावांनी याच कथेतून अंशाच्या ज्ञानाने पूर्णाचे ज्ञान होत नाही, असा बोध काढला. कथा एकच असली, तरी तिचे दार्ष्टान्तिक प्रत्येकाचे वेगळे आहे. मुलांना कथा सांगताना ही चारही उत्तरे त्यांच्यापुढे ठेवली, तर नम्रतेचा पाठ वेगळा द्यावा लागत नाही.

मुद्रणकलेमुळे नीतिकथा शाळेत आली. तंजावरला सरफोजीराजांच्या प्रेरणेने इसापच्या कथांचा बालबोध मुक्तावली हा मराठी अनुवाद एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. श्रीरामपूरच्या छापखान्यातून सिंहासनबत्तिशी (१८१४) व हितोपदेश (१८१५) हे वैजनाथशर्मा यांचे अनुवाद निघाले. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापनीतिकथा व बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या कृतीवर आधारलेले बाळमित्र (दोन्ही १८२८) ही पुस्तके तयार केली. सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे, हे धोरण १८५४ च्या वुडच्या खलित्याने स्पष्ट केले. धर्मग्रंथ वर्ज्य असलेल्या वर्गात प्राण्यांच्या कथा बिनधोक होत्या. मात्र त्यांच्या अखेरीस जोडलेले ‘तात्पर्य’ मुलाने विचार करण्यापूर्वीच त्याच्या हाती उत्तर देई. परीक्षेसाठी तात्पर्य पाठ करावे व कथा विसरावी, अशी एक रीतच त्यातून पडली.

या रीतीला खरे उत्तर दिले ते पांडुरंग सदाशिव साने उर्फ साने गुरुजी (१८९९–१९५०) यांनी. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात ते शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते हस्तलिखित छात्रालय दैनिक काढीत. १९३० च्या सत्याग्रहानंतर तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणी भाषांशी त्यांचा संबंध आला. पुढे तिरुक्कुरळचा त्यांनी मराठी अनुवाद केला. श्यामची आई नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहून झाली व १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील बोध घरातील प्रसंगांतच मुरलेला असल्याने तात्पर्याची गरज उरत नाही. व्हिक्टर ह्यूगोची ले मिझेराब्ल ही कादंबरी त्यांनी दुःखी या नावाने, तर जॉर्ज एलियटची सायलस मार्नर ही मनुबाबा या नावाने मुलांसाठी मराठीत आणली. इस्लामी संस्कृतीवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. रूपांतरे करताना पात्रांना व स्थळांना देशी नावे दिल्याने कथा मुलांना जवळच्या वाटल्या, पण त्या परक्या समाजातून आल्या आहेत ही जाणीव काहीशी पुसली गेली. सद्‌गुण परक्यांतही असतो, हे शिकवावयाचे असेल तर तो परका ओळखू येणे आवश्यक आहे. आंतरभारतीच्या त्यांच्या कल्पनेत प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा व साहित्य शिकावे, हा विचार होता. तेथे ही उणीव भरून निघते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षणास मनाई केली. श्रीप्रकाश समितीने (१९५९-६०) प्राथमिक वर्गांत थोर धर्मसंस्थापकांच्या चरित्रांतील सोप्या कथा सांगाव्यात, असे सुचविले. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्यशिक्षणाचा पुरस्कार केला. धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात दिला.

कोणत्या कथा निवडाव्यात, हा प्रश्न समित्यांपेक्षा गावच्या शाळेत अधिक अवघड होतो. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीचा परिसर याचे चांगले उदाहरण आहे. शेजारी रामटेकचा राममंदिराचा डोंगर आहे. १९५६ मध्ये नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर अंगुलिमालासारख्या बौद्ध कथा विदर्भातील अनेक घरांत आपल्या झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात अंगुलिमालाच्या परिवर्तनाची कथा आहे. पारशिवनी तालुक्यातच पेंच जलाशयाकाठी कुंवारा भिवसेन हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. महाभारतातील भीम व हा अविवाहित देव भिवसेन यांचे नाते कथेनेच जोडलेले आहे. पाठ्यपुस्तकातील भीमाला वर्गातील एखादे मूल आपल्या देवाच्या नावाने ओळखते, तेव्हा त्याच्याकडून घरची कथा ऐकून घेणे हे शिक्षकाचे पहिले काम ठरते.